दुसऱ्या मुद्द्याचं पेपरमिंट

वुब्बे डाइकेमाचा हात जाकिटाच्या खिशाकडे गेला, तशी रुल्फीनने मांडीवरच्या पर्सची कळ दाबली. टक्. पेपरमिंटची गोळी जिभेवर आली, मागच्या बाकावरही दोन-तीन कागद चुरचुरले, आणि चर्चमधल्या सगळ्या मंडळीला कळलं की पाळकांचा दुसरा मुद्दा सुरू झाला. कसला मुद्दा, ते देवाला ठाऊक. रुल्फीनला तरी ठाऊक नव्हतं.

प्रवचनात तीन मुद्दे आणि माणशी तीन पेपरमिंटं, ही रीत हॉलंडमधल्या ग्रोनिंगनहून बोटीत बसून कॅनडात आली होती, शिवणयंत्रं आणि पितळी दिव्यांच्या सोबतीने. पहिल्या मुद्द्याला पहिली गोळी, दुसऱ्याला दुसरी, तिसऱ्याला तिसरी. तिसरी विरघळता विरघळता 'आमेन'. ज्याची गोळी अधेमधे तोंडात जाई त्याचं लक्ष नाही, असं खुशाल समजावं. रुल्फीनची कधी गेली नव्हती. बहात्तर वर्षांची बाई, दुसरा बाक, पाठ ताठ, गोळी वेळेवर. प्रवचन ऐकावं तर रुल्फीनबाईंसारखं, असं लोक आपल्या पोरांना सांगत.

आणि रुल्फीनबाईंना दीड वर्षात त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं.

त्याआधी असं नव्हतं. सकाळची उपासना तरुणांसाठी इंग्रजीत व्हायची आणि दुपारची डचमध्ये. रुल्फीन दुपारी जायची आणि आठवडाभराचं पोटभर ऐकून यायची. मग तरुण कुटुंबं कुरकुरू लागली. दोन दोन उपासना कशाला, निम्मा रविवार गाडीत जातो, पलीकडच्या गावातलं इंग्रजी चर्च काय वाईट आहे? दोन घरं गेलीसुद्धा. तिचा मुलगा बेरेंड, ज्याला आता सगळे बेन म्हणत, चर्चच्या पंचमंडळाचा चिटणीस होता. मंडळी फुटू नये म्हणून त्याचा जीव टांगणीला लागला होता. एक दिवस तो तिच्या स्वयंपाकघरात आला. ती बटाटे सोलत होती.

"आई, तुला इंग्रजी समजतं ना गं आता?"

"न समजायला काय झालं? चौदा वर्षं झाली इथे येऊन."

एवढंच. तिने वर मान करूनही पाहिलं नव्हतं. तिला 'येस', 'नो', 'थँक यू' येत होतं, आणि दुकानात उपयोगी पडणारं 'टू मच' येत होतं. पण लेकाचा आवाज कसा आला ते तिच्या कानांनी बरोबर टिपलं होतं. त्याला होकार हवा होता. दिला. बटाट्याची साल काढण्याइतकं सोपं वाटलं ते.

पुढच्या सभेत बेन उभा राहिला. "माझ्या आईने सत्तरी ओलांडली आहे. तिलाही इंग्रजी समजतं. मग न समजणारं राहिलं कोण?" लगेच वुब्बे उठला आणि म्हणाला, मलाही समजतं. त्यानंतर कोण कशाला उठतंय? काळ्या दलदलीतून कांदे आणि सेलरी काढून दाखवलेली माणसं ती. आम्हाला शिकता आलं नाही, असं चारचौघांत म्हणायला त्यांची जीभ रेटली नसती. दुपारची उपासना बंद झाली. जुने पाळक निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मिशिगनहून नवा पाळक आला. गुणी पोरगा, पण डचच्या नावाने शून्य. जुने पाळक निदान प्रत्येक मुद्द्याआधी पाण्याचा घोट घ्यायचे. हा पाणीसुद्धा पीत नव्हता.

म्हणून रुल्फीन पलीकडच्या रांगेत बसणाऱ्या वुब्बेकडे नजर ठेवून असायची. वुब्बेला समजत होतं, तो सभेत म्हणालाच होता. त्याचा हात हलला की तिची पर्स उघडे. हे फसवणं होतं, देवाच्या घरात होतं आणि दर रविवारी होतं. रुल्फीनला त्याची लाज वाटे. त्याहून जास्त भीती वाटे. उद्या आपण अंथरुणाला खिळलो, आणि हा पोरगा उशाशी बसून त्याच्या भाषेत काहीबाही म्हणाला, तर आपण कुठल्या शब्दाला धरून जायचं? नवरा खेर्ट गेला तेव्हा जुन्या पाळकांनी त्याच्या कानाशी बायबलातलं तेविसावं स्तोत्र म्हटलं होतं, आणि खेर्टचे ओठ सोबत हलले होते. आपले ओठ हलणार नाहीत, असं तिला वाटे. पण आता बोलायचं कुणाला? बोललं की बेन तोंडघशी पडणार. एवढ्या लोकांसमोर आईची ग्वाही देऊन बसलेला मुलगा.

त्या रविवारी बेनच्या घरी कॉफी घेताना बेनने बातमी दिली.

"गुरुवारी दोन वाजता पंच येताहेत तुझ्याकडे."

"येऊ देत की. दर वर्षी येतात."

ही वार्षिक भेटही बोटीतूनच आलेली. दोन पंच घरी येत, आत्म्याचं कसं काय चाललंय ते विचारत, प्रार्थना करत आणि केक खाऊन जात. रुल्फीनला तिची कधी भीती वाटली नव्हती. पंचांतले बोल्हाउस म्हातारे होते, गावाकडचे होते, सगळं डचमध्येच चाले.

"यंदा बोल्हाउसबरोबर धाकटा व्होस आहे, तो शाळामास्तर. तोच बोलणार, इंग्रजीत," बेन म्हणाला. "आणि पाळकांनी नवीन काढलंय. मागच्या रविवारच्या प्रवचनावर थोडं विचारायचं. तीन मुद्दे कोणते, त्यातून काय घेतलं, असं. आता तुझी काय काळजी म्हणा! बाकीच्या म्हाताऱ्यांची धांदल उडणार आहे."

तिने बशीतला केक पुरा संपवला, कारण टाकला असता तर सुनेने विचारलं असतं.

सोमवार, मंगळवार तिने कसेबसे ढकलले. बुधवारी सकाळी सुक्या वाटाण्यांचं सूप केलं, चमचा उभा राहील इतकं घट्ट, वरून सॉसेजचे काप, आणि पातेलं फडक्यात बांधून ती रस्ता ओलांडून वुब्बेकडे गेली. विधुर माणूस, सूप नाकारण्याचा प्रश्न नव्हता. खातापिता त्याच्याकडून तीन मुद्दे काढून घ्यायचे, असा तिचा बेत होता.

"अरे वा!" वुब्बेने झाकण उचललं. "आज काय विशेष? माझा वाढदिवस तर मार्चात गेला."

"उरलं होतं."

"भरलेलं पातेलं उरलं?"

"खा मुकाट्याने."

तो खाऊ लागला. दोन घास जाऊ दिले आणि रुल्फीनने सहज सुचल्यासारखं म्हटलं, "रविवारी छान झालं नाही प्रवचन?"

"हो. फारच छान," वुब्बे सुपाकडे बघत म्हणाला.

"मला तो दुसरा मुद्दा फार आवडला."

"मलासुद्धा. दुसराच जास्त."

"तुला त्यातलं काय पटलं?"

"तू आधी सांग. तुझं लक्ष जास्त असतं."

"माझं कसलं! तू पुरुष माणूस, सभेत बोलणारा. तुझ्याकडून ऐकावं म्हटलं."

वुब्बेने चमचा खाली ठेवला. खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नांगरून ठेवलेलं काळं रान आणि टेलिफोनचे खांब.

"रुल्फीन, उद्या कुणी येणार आहे का तुझ्याकडे?"

"का?"

"माझ्याकडे शुक्रवारी येताहेत. व्होस आणि बोल्हाउस." त्याने मिशा पुसल्या. "खरं सांगू? मी आज संध्याकाळी तुझ्याकडेच येणार होतो. चीज घेऊन. अर्धं चाक बाजूला काढूनही ठेवलंय."

रुल्फीनला ते समजायला एक क्षण लागला. मग ती खुर्चीत मागे टेकली.

"वुब्बे डाइकेमा, तुला इंग्रजी समजत नाही?"

"हवामानाचं समजतं. रेडिओवरचं. पाऊस, दंव, वारा. पण हा पोरगा हवामानावर बोलतच नाही ना!"

"मग तू सभेत उभा कशाला राहिलास?"

"तुझ्या लेकाने सांगितलं, आईला समजतं म्हणून. म्हटलं, रुल्फीनला जमलं आणि मला जमलं नाही, हे माझ्या तोंडून निघायचं नाही. शाळेतसुद्धा तू माझ्या पुढच्या बाकावर असायचीस."

"आणि गोळी? गोळी कधी खायची ते कसं कळतं तुला?"

"तुझ्या पर्सची कळ वाजते ना. टक्. आणि तू जरा हललीस की मी तयारीत असतो."

"अरे मी हलते ती तुझा हात हलतो म्हणून!"

पाखरं उडवणारी बंदूक दूर कुठेतरी वाजली. दीड वर्षभर या दोघांनी एकमेकांच्या जिवावर अख्ख्या मंडळीला प्रवचनाचे मुद्दे पाडून दिले होते. वुब्बेला खाज सुटली तरी मुद्दा बदलत असणार. रुल्फीनला ईस्टरचा रविवार आठवला, तिन्ही गोळ्या पंधरा मिनिटांत संपल्या होत्या आणि पाळक आणखी अर्धा तास बोलत होता. तेव्हा तिला वाटलं होतं, परदेशातला तिसरा मुद्दा लांब असतो.

आधी ती हसली, मग तो, आणि हसता हसता वुब्बेच्या डोळ्यांत पाणी आलं. तो ते पुसेना. "मला वाटायचं, मी एकटाच," तो म्हणाला. "तिथे बसतो ना, तेव्हा बोट सुटून गेली आणि मी धक्क्यावर राहिलो, असं वाटतं. दर रविवारी."

"मलाही," रुल्फीन म्हणाली. तेवढं म्हणूनच तिला खूप बरं वाटलं.

"आता काय करायचं?"

"तुझं काही जात नाही. पण मी बोलले तर बेन खोटा पडतो."

"आणि नाही बोललीस तर?"

तिने उरलेलं सूप त्याच्या भांड्यात ओतलं. रिकामं पातेलं घेऊन ती घरी आली. चीज घ्यायला विसरली.

गुरुवारी दोनला दोन मिनिटं कमी असताना पंच आले. बेनही शेतावरून हात धुऊन आला होता. आईच्या भेटीला घरचं माणूस असावं म्हणून दर वर्षी तो बसायचा. रुल्फीनने पातळ कप काढले, पहिल्या कॉफीबरोबर केक दिला, दुसऱ्या कॉफीबरोबर डब्यातलं एकेक बिस्किट दिलं आणि रीतीप्रमाणे झाकण लावून टाकलं. धाकट्या व्होसने प्रार्थना केली. मग तो पुढे वाकला आणि हसतमुखाने काहीतरी बोलला. लांबलचक होतं, आणि शेवटी आवाज वर गेला. म्हणजे प्रश्न असावा.

बेन तिच्याकडे मोठ्या अभिमानाने बघत होता. 'येस' म्हणावं? बरेचदा 'येस' चालून जातं. तिने तोंड उघडलं.

"मला समजलं नाही," ती डचमध्ये म्हणाली.

"तो विचारतोय, दुसऱ्या मुद्द्याबद्दल—" बेन सांगू लागला.

"बेरेंड, थांब. मला हे समजलं नाही, रविवारचं समजलं नाही, आणि दीड वर्षातलं काहीच समजलं नाही. मी तुला खोटं सांगितलं होतं. बटाटे सोलताना." तिने कप बशीत ठेवला. "आता तुम्हाला जे लिहून घ्यायचं ते लिहून घ्या. फक्त याच्या नावावर काही लिहू नका. याने खरं मानून सांगितलं."

बेनचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. व्होसला अर्धंमुर्धं कळलं होतं. तो बोल्हाउसांकडे बघत होता.

बोल्हाउसांनी सावकाश चष्मा काढला.

"चला," ते म्हणाले, "एक घर तरी खरं बोललं."

"म्हणजे?" बेनने विचारलं.

"सोमवारपासून फिरतोय आम्ही. हे पाचवं म्हातारं घर. आधीच्या चारही घरी सगळं अगदी नीट समजतं, बरं का. एका घरी दुसरा मुद्दा होता योना आणि मासा. दुसऱ्या घरी विधवेचं तेल. तिसऱ्या घरी गृहस्थ म्हणाले, यंदा थंडी लवकर पडणार. आणि आमच्या आई, वय शहाऐंशी, म्हणाल्या की त्या मुद्द्याने त्यांना रडू आलं, आणि जास्त काही सांगवत नाही."

"आणि खरा दुसरा मुद्दा कोणता होता?" रुल्फीनने न राहवून विचारलं.

बोल्हाउसांनी चष्मा परत चढवला. खाकरले. "ते व्होसला विचारा. माझंसुद्धा निम्मंच जमतं."

व्होस हसला, आणि मग तो शाळामास्तर आपल्या मोडक्यातोडक्या डचमध्ये, शब्द हुडकत हुडकत बोलू लागला. तो म्हणाला, मी पाच वर्षांचा होतो तेव्हा इथे आलो. माझी भाषा लवकर गेली. दुपारी बाबा मला डच उपासनेला बसवायचे. मला काही कळायचं नाही. नऊ वर्षं मी छताच्या फळ्या मोजत बसलो. दोनशे बारा आहेत. "मला वाटलं होतं, डच बंद केलं की आता कुणालाच फळ्या मोजाव्या लागणार नाहीत," तो म्हणाला. "मी तेव्हा बंद करण्याच्या बाजूने हात वर केला होता, रुल्फीनबाई."

त्याचे प्रत्यय चुकत होते, क्रियापदं भलतीकडे जात होती, आणि रुल्फीनला शब्दन् शब्द कळत होता. किती दिवसांनी कुणी पंच तिच्याशी बोलला आणि तिला कळलं!

पण तिचं लक्ष बेनकडे होतं. बेन गुडघ्यांवर कोपरं टेकून जमिनीकडे बघत होता.

"आई, दीड वर्षं तू काय करत होतीस गं तिथे बसून?"

"वुब्बेकडे बघत होते. त्याचा हात खिशात गेला की गोळी."

"आणि वुब्बेकाका?"

"तो माझ्याकडे."

बेनच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज निघाला. हसू होतं की काय होतं, ते त्याचं त्यालाही कळलं नसेल. "आमचं अख्खं घर तुझ्या पर्सकडे बघून गोळ्या खातं," तो म्हणाला. "मीसुद्धा. मी पोरांना दटावतो, ओमाआजीची पर्स वाजल्याशिवाय हात लावायचा नाही म्हणून." त्याने तळव्यांनी चेहरा चोळला. "खोटं तू एकटी नाही बोललीस. मी तुला विचारलं ते हो म्हणून घ्यायलाच विचारलं. तू वर बघितलं नाहीस ते मला दिसलं होतं. दिसलं, आणि मी तसाच निघून गेलो. मला फार घाई होती."

"तुला मंडळी एकत्र ठेवायची होती."

"हो. आणि तुम्हालाच बाहेर ठेवलं." तो उठला आणि तिच्याशेजारी येऊन बसला. "मी सभेत सांगेन. जसं उभं राहून चुकीचं सांगितलं तसं उभं राहून सांगेन. तू त्याची काळजी करू नकोस."

रुल्फीनचा जीव भांड्यात पडला. तिने बिस्किटांचा डबा उघडला, सगळ्यांसमोर धरला आणि पुन्हा झाकण लावलंच नाही. बोल्हाउसांनी एक घेतलं, मग दुसरं घेतलं, मग डब्याकडे बघितलं आणि तिसरंही घेतलं. त्या घरात असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

सभेत बेन उभा राहिला. काही चेहरे वाकडे झाले, पण बोल्हाउसांनी योना आणि विधवेच्या तेलाची हकीकत सांगितली तेव्हा वाकड्या चेहऱ्यांनासुद्धा हसू आवरेना. दुपारची उपासना पूर्वीसारखी दर रविवारी परत आली नाही. डच बोलणारा पाळकच नव्हता तर येणार कशी? महिन्यातून दोनदा, दोन वाजता, चर्चच्या बाजूच्या खोलीत एका पंचाने जुन्या पुस्तकातलं डच प्रवचन वाचून दाखवायचं, असं ठरलं. पाळक पोरगा स्वतः म्हणाला की मी मागे बसेन आणि ऐकेन, आणि पुढे हेही म्हणाला की अंथरुणाला खिळलेल्या कुणाच्या घरून बोलावणं आलं तर बोल्हाउसांना बरोबर घेऊन जाईन. व्होसने ते रुल्फीनला डचमध्ये सांगितलं. तिने त्याला दोनदा सांगायला लावलं. पहिल्यांदाच कळलं होतं, पण दुसऱ्यांदा ऐकायचं होतं.

पहिल्या वाचनाला अकरा म्हातारी माणसं आली. रुल्फीन दुसऱ्या रांगेत बसली, वुब्बे पलीकडे. बोल्हाउस पुस्तक डोळ्यांजवळ धरून वाचू लागले. आवाज सपाट, वेग बैलगाडीचा. "पहिला मुद्दा," ते म्हणाले.

सवयीने रुल्फीनने वुब्बेकडे बघितलं. वुब्बेही सवयीने तिच्याकडेच बघत होता. दोघांनी घाईघाईने माना वळवल्या आणि आपापली गोळी आपापल्या हुकमाने तोंडात टाकली.

शब्द येत राहिले, एकामागून एक, सगळे ओळखीचे. पुढचा शब्द कुठला येणार ते तिला आधीच कळत होतं. पाठ जरा सैल झाली, मग खांदे. आता कुणाच्या हाताकडे बघायचं नव्हतं, काही निसटायचं नव्हतं, काही लपवायचं नव्हतं. खिडकीतून दुपारचं ऊन तिच्या हातांवर आलं होतं.

बेन तिला न्यायला आला तेव्हा लोक कोट चढवत होते. ती अजून जागीच होती, टोपी जरा तिरकी झालेली.

"काय आई? झालं समाधान? दुसरा मुद्दा काय होता आज?"

"कुणास ठाऊक," रुल्फीन म्हणाली. "पहिल्यातच डोळा लागला माझा."

आणि पर्स उघडून तिने उरलेल्या दोन गोळ्यांतली एक त्याच्या हातावर ठेवली.